आपणहून चढलेल्या बायका

बुधवार, सकाळी

ठोंब्या,

आशीर्वाद आज लिहीत नाही. मनात नसताना लिहिलेले लागत नाहीत म्हणतात.

काल संध्याकाळपासून तुला फोन लावते आहे. आधी नुसता वाजत होता, मग वाजायचाही बंद झाला. माझा नंबर बंद करून टाकलास ना? कर बाबा. पण तुझी बायको आमच्या गल्लीतल्या शिवणाच्या दुकानात रोज येतेच, आणि तिला काही अजून तू आत टाकलेलं नाहीस. तिच्या हाती हे पत्र देते आहे. वाचून फाड हवं तर, पण आधी वाच.

टिटवी आत आहे. माझी मुलगी, तुझी भाची. हे नावसुद्धा तूच ठेवलंस, जन्मल्या जन्मल्या तिनं अख्खी गल्ली डोक्यावर घेतली म्हणून. ती काल दुपारपासून तुमच्या पोलीस ठाण्यात आहे आणि का आहे ते कुणी सांगत नाही. आम्हां बाकीच्या बायकांना दिवेलागणीला सोडलं. "जा घरी" म्हणाले, गुरं सोडतात तसं. तिला तेवढं ठेवून घेतलं. विचारलं, का? तर म्हणे चौकशी. कसली चौकशी? ते साहेब सांगतील. साहेब कुठे आहेत? जेवायला गेलेत. अरे, दिवेलागणीला कोण जेवायला जातं?

आता तू म्हणशील, तुम्ही जमाव केलात. कसला जमाव रे? दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या खोल्यांना कुलूप ठोकलं तेव्हापासून आम्ही काय केलं ते तुझ्या डोळ्यांसमोर आहे. शिंपीणबाईंची सून पुलापलीकडच्या मोठ्या इस्पितळात न्यायच्या वाटेवर टेम्पोत बाळंत झाली, सिमेंटच्या पोत्यांना टेकून. मोर्चा काढायचा म्हटलं तर बंदी. चारपाचाहून जास्त माणसं जमायची नाहीत. तेव्हा टिटवी म्हणाली, "जमू नका, पण दवाखान्याच्या खिडकीपुढे रांग लावायला कुणाची परवानगी लागते?" ती त्याच खोल्यांमधली नर्स, तिला ठाऊक होतं काय बुडालंय ते. झालं. रोज सकाळी आम्ही त्या बंद खिडकीपुढे रांगेत उभ्या राहतो. घोषणा नाही, फलक नाही. कुणी भाजी निवडतं, कुणी विणकाम करतं. खिडकी बंद व्हायची वेळ झाली की घरी. बंदच असलेली खिडकी, पण आम्ही वेळ पाळतो!

आणि रांग सुरू झाल्यापासून तू आमच्या गल्लीतून यायचा बंद झालास. बढती जवळ आली आहे, बहिणीच्या घरी चहा प्यायलेला दिसायला नको. मला सगळं कळतं. मी काही बोलले नाही, कारण बढती व्हावी असं मलाही वाटत होतं.

पण काल? काल तू जाळीची गाडी घेऊन आलास आणि माझ्याकडे बघून म्हणालास, "बाई, पुढे चला." बाई! तुझं नाक पुसून पुसून माझ्या परकराचा रंग गेला, आणि मी बाई? आमच्या रांगेतल्या त्या खोकणाऱ्या आजी गाडीच्या पायरीवर दम घ्यायला थांबल्या तर तू त्यांचा हात धरून वर ओढलास. मनगट टम्म सुजलंय त्यांचं. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

मला कायदेबियदे सांगू नकोस. मामा आहेस. तू गुपचूप एक शब्द टाकलास तर ते दार उघडेल. टाक, आणि पोरीला घरी आणून सोड. आमचे हे कालपासून उंबऱ्यात बसून आहेत, ना चहा ना पाणी.

ताई


बुधवार, संध्याकाळी

ठोंब्या,

सकाळचं पत्र तुझ्या हाती पडायच्या आतच मी ठाण्यात तुझ्यापुढे येऊन उभी राहिले होते. तू कपाटाला टेकून उभा होतास आणि छतावरच्या पंख्याकडे बघत होतास. त्या पंख्यात एवढं काय होतं रे? तो तर बंद होता.

साहेबांनी काय सांगितलं ते तू ऐकलंस, तरी लिहिते, कारण माझं डोकं अजून त्यातच फिरतं आहे. चष्मा पुसत पुसत म्हणाले, "अटक? कुणाला अटक? अहो, आम्ही गाडी उभी केली होती फक्त. बायका आपणहून चढल्या. एक बाई तर दाराशी उभी राहून सगळ्यांना चढवून घेत होती."

आता हे सकाळच्या पत्रात लिहायचं राहिलं. राहिलं कसलं, लिहिलं नाही. ती बाई मी.

काय करू! सगळा जन्म बसमध्ये कंडक्टर म्हणून गेला. गाडीचं दार उघडलं की माझं डोकं बंद होतं आणि तोंड सुरू होतं. तू "एकेक करून चढा" म्हणालास आणि बायका बावरून एकमेकींना ढकलायला लागल्या. मला बघवेना. मी दाराशी गेले आणि सुरू झाले, "रांग मोडू नका, आधी म्हाताऱ्यांना येऊ द्या, पुढे सरका, मागच्यांना जागा द्या." पोलिसांची गाडी आहे हे माझ्या लक्षातसुद्धा नव्हतं. शिंपीणबाई नळावर पाणी प्यायला गेली होती. तिच्यासाठी मी गाडी थांबवून धरली! वर हाका मारल्या, "अगं ये लवकर, सुटते!" ती बिचारी धावत आली, धापा टाकत चढली आणि मला म्हणाली, "बरं झालं बाई थांबवलीत."

हस हवं तर. मीसुद्धा काल गाडीत बसल्या बसल्या हसले. आज हसू येत नाही. साहेबांना आयतं कोलीत मिळालं माझ्या हातून. अटकच नाही, मग कारण कसलं सांगायचं? अटकच नाही, मग एका दिवसाच्या आत न्यायाधीशांपुढे उभं करायचं तरी कशाला? मी म्हटलं, "साहेब, आपणहून आलेली पोरगी आपणहून घरी का जाऊ शकत नाही?" तर म्हणाले, "तुम्ही फार प्रश्न विचारता." अहो, मग उत्तर द्या ना एखादं!

मग त्यांनी तो कागद पुढे सरकवला. मुलगी स्वतःच्या इच्छेनं बोलणी करायला आली होती, कुणालाही अटक झालेली नाही, आमची काही तक्रार नाही. सही करा आणि आत्ता घेऊन जा. खरं सांगते, मी पेन उचललं होतं. तू बघितलंस. पेन उचलल्यावर तू पंख्यावरून नजर काढलीस आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलंस. त्या बघण्याचा अर्थ मला अजून लागला नाही. कर म्हणत होतास की नको?

तेवढ्यात आतून कार्टीचा आवाज आला. "आई, सही करू नकोस!" भिंतीपलीकडून कसं ऐकलं कोण जाणे. टिटवीच ती. एक थोबाडीत द्यावी वाटली आणि पोटाशी धरावंसंही वाटलं, आणि दोन्ही करता येईना कारण मधे दार. पेन ठेवलं आणि निघाले. येताना रस्ताभर तिला शिव्या घातल्या. आता घरात बसवत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासली. हे म्हणतात, "बस जरा." बसते आणि उठते.

काहीतरी कर रे. साहेबांना खासगीत गाठ. तुझं ऐकतात ते. बाकीचं मागाहून बघू, आधी पोरीला बाहेर काढ.

ताई


गुरुवार

ठोंब्या,

तुझ्या बायकोला बोल लावू नकोस. ती आज टिटवीला कपडे आणि कंगवा द्यायला गेली होती ते मीच सांगितलं म्हणून. तिला आत सोडलं, अधिकाऱ्याची बायको म्हणून. मला सोडलं नसतं. परत आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "वन्सं, ती बरी आहे. मारलंबिरलं नाही कुणी. पण तिनं निरोप दिलाय, आणि मला तो घरी सांगवत नाही. तुम्हीच लिहा."

तर लिहिते. टिटवी म्हणाली, "मामाला म्हणावं, भाची म्हणून मला सोडवू नकोस. बाकीच्या बायकांचा मामा पोलिसात नाही. उद्या रांगेतल्या दुसऱ्या कुणाला उचललं तर तिनं कुणाला पत्र लिहायचं?"

मी म्हटलं, अगं बाई, आधी स्वतः बाहेर ये, मग जगाची आई हो! पण हे सगळं मी तुझ्या बायकोच्या तोंडावर म्हणाले. पोरगी काही समोर नव्हती.

दुपारी वकीलबाई आल्या. त्यांनी अर्ज केला होता, उद्या मुलीला कोर्टात आणा असा हुकूम झालाय. त्या म्हणतात, सगळं एकाच गोष्टीवर अडलंय. बायका आपणहून चढल्या की पोलिसांनी चढवल्या? आम्ही काहीही सांगितलं तरी म्हणतील, आरोपीचीच माणसं. तिथे हजर असलेला अधिकारी बोलला तर गोष्ट वेगळी. साहेब म्हणतात तसं तू बोललास, तर अर्ज फेटाळला जाईल, मग साहेब टिटवीवर बायकांना चिथावल्याचा गुन्हा लावतील, ती तुरुंगात जाईल आणि नोकरीही जाईल. तुला उद्या बोलावणार आहेत.

म्हणून मी माझी दोन्ही पत्रं परत घेते आहे. साहेबांना खासगीत गाठू नकोस. गुपचूप शब्द टाकू नकोस. मामा म्हणून काही करू नकोस. तुला उद्या जे विचारतील त्याचं खरं उत्तर दे, बस.

हे लिहायला सोपं आहे, हे मलाही कळतं. माझं काय जातंय? तुझी बढती जाईल. राहतोस ते घरही सरकारी आहे. पोराची शाळा आहे. साहेब उद्यापासून तुझ्याशी कसे वागतील ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मला भीती वाटते रे. तू खरं बोलशील याचीही वाटते आणि नाही बोलणार याचीही वाटते. आज सकाळपासून तीन वेळा चपला घातल्या आणि तीन वेळा काढल्या. कुठे जायचं तेच कळत नाही.

पण एक सांगते. तू नोकरीला लागलास तेव्हा हात वर करून शपथ घेतलीस, ती साहेबांची घेतली नव्हतीस. संविधानाची घेतली होतीस. त्यात माझी पोरगी येते, त्या खोकणाऱ्या आजी येतात, आणि धावत येऊन गाडीत चढलेली शिंपीणही येते. साहेब बदलून जातील, उद्या दुसरे येतील. त्यांच्यासाठी तू असा पंख्याकडे बघत किती वर्षं काढणार आहेस?

फार बोलले. आई असती तर म्हणाली असती, हिच्या जिभेला हाड नाही. खरंच नाही.

ताई


शुक्रवार, कोर्टातून आल्यावर

ठोंब्या,

तुला तिथंच हाक मारली होती. मागच्या दारानं निघून गेलास. ऐकू आली नाही असं म्हणू नकोस, माझी हाक बसच्या शेवटच्या बाकापर्यंत जायची.

आज काय झालं ते तुला काय सांगायचं, तूच केलंस. तरी मी लिहिणार, कारण तुझ्या बायकोला कोर्टात यायचा धीर झाला नाही आणि तू तर घरी तोंडच उघडत नाहीस म्हणे. हे पत्र तिलाही वाचू दे.

न्यायाधीश केवढे तरुण आहेत! सर्दी झाली होती त्यांना, सारखे रुमाल शोधत होते. मला वाटलं, याला काय कळणार? पण त्यांनी तुला सरळच विचारलं, "या बायका गाडीत आपणहून चढल्या का?"

वकीलबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. साहेब पुढच्या बाकावर पायावर पाय टाकून बसलेले. मग तू म्हणालास, "नाही."

"मग कशा चढल्या?"

"मी चढा म्हणालो, म्हणून चढल्या."

"नाही म्हणाल्या असत्या तर चाललं असतं?"

"नाही. दोन्ही बाजूंना आमची माणसं होती."

"म्हणजे ही अटक होती."

"होय. अटकच होती."

"त्यांना कारण सांगितलं होतं?"

"कारण मलाच माहीत नव्हतं. त्या नुसत्या उभ्या होत्या."

सरकारी वकील ताडकन उठले. "ही मुलगी तुमची सख्खी भाची आहे, म्हणून तुम्ही हे बोलताय!" मी मनात म्हटलं, झालं, गेलं सगळं. पण तू त्यांच्याकडे वळलास आणि म्हणालास, "भाची आहे म्हणूनच तीन दिवस गप्प बसलो. घरच्यांसाठी बोलतो असं लोक म्हणतील, ही भीती होती. भाची नसती तर पहिल्याच दिवशी बोललो असतो का, तेही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही मला. पण त्या बायकांनी गुन्हा केलेला नव्हता. गुन्हा नसताना आम्ही त्यांना नेलं, आणि हिला ठेवून घेतलं."

ठोंब्या, एवढं सलग तुला बोलताना मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. शाळेत कविता म्हणायला उभं केलं की चड्डीची नाडी चघळायचास.

मग विचारलं, हुकूम कुणाचा? तू साहेबांकडे बोट दाखवलंस. साहेब उठून म्हणाले, "मी असा कुठलाही हुकूम दिला नव्हता." तुझा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी बघितलं. ज्याच्या हाताखाली राबलास, ज्याच्या मुलीच्या लग्नात वाढपी झालास, तो माणूस भर कोर्टात तुला ओळख दाखवेना.

न्यायाधीश म्हणाले, अटक बेकायदेशीर आहे, मुलीला इथूनच सोडा. टिटवी बाहेर आली. केस विंचरलेले, कपडे नीट, जणू ड्यूटीवरून आली. मी आधी पाठीत एक धपाटा घातला, मग मला रडू फुटलं. आमचे हे जन्मात कुणासमोर रडले नाहीत, ते कोर्टाच्या पायरीवर बसून हुंदके देत होते, आणि ती त्यांनाच पाणी पाजत होती. पहिलं काय विचारलं तिनं ठाऊक आहे? "मामा कुठाय?"

मी काय सांगणार? ये ना रे. मी काही बोलणार नाही. बरं, थोडं बोलेन.

ताई


पुढचा बुधवार

ठोंब्या,

तुला निलंबित केल्याचं तुझ्या बायकोकडून कळलं. सोमवारी आले होते, दार उघडलं नाहीस. काल टिटवी आली, तिलाही उघडलं नाहीस. आतल्या खोलीला कडी लावून बसतोस, पोरालासुद्धा जवळ येऊ देत नाहीस, असं तुझी बायको सांगत होती. शेजारचे पोलीस जिन्यात तिला बघून खाली मान घालतात. त्यांना तुझी लाज वाटते की स्वतःची, ते देव जाणे.

आजचं पत्र मला लिहायचं नव्हतं. सकाळपासून टाळते आहे. पण उद्या उगवायच्या आत तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

बायकांनी तक्रार केली आहे, त्या दिवशीच्या सगळ्या प्रकाराची. उद्या चौकशी आहे आणि पहिली साक्ष माझी आहे. कारण उघड आहे. मी गाडीच्या दाराशी उभी होते, सगळ्यांना चढवून घेत. माझ्याइतकं जवळून कुणीच काही बघितलेलं नाही. आजींचा हात तू ओढलास तेव्हा त्यांचा दुसरा हात माझ्या हातात होता. आणि त्याआधी साहेबांनी आपल्या जीपची काच खाली करून "उचला सगळ्यांना, कारण मागाहून बघू" म्हटलं, तेही मीच ऐकलं. बाकीच्या तेव्हा मागे रांगेत होत्या.

काल साहेबांनी माणूस पाठवला होता. फार गोड बोलला. म्हणाला, "ताई, एवढा गोंधळ होता, तुम्हाला कुठलं ऐकू आलं असेल? आणि म्हातारीचं म्हणाल तर पाय घसरला असेल तिचा. तुम्ही दोन्ही विसरलात तर तुमचा भाऊ महिन्याभरात कामावर परत येईल. घर राहील." मी त्याला चहा दिला. नाही म्हणाले नाही. तो गेल्यावर मला माझीच भीती वाटली, कारण मी खरंच विचार करत होते. तुझं घर वाचेल. पोराची शाळा राहील. आजींचं मनगट काय, आता उतरलंय. त्यांना म्हटलं तर त्याही म्हणतील, जाऊ दे गं, तुझा भाऊ आहे.

आज सकाळी गेलेसुद्धा त्यांच्याकडे. विचारायलाच गेले होते, लपवत नाही. बायका बसल्या होत्या, मला बघून सरकून बसल्या. आजींनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "तू सांगायचं नाही ठरवलंस तरी मी रागावणार नाही." एवढं बोलून त्यांना खोकला लागला. मी पाठ चोळत बसले आणि काही विचारलंच नाही. घरी आल्यावर टिटवीला म्हटलं, मी काय करू? जन्मात पहिल्यांदा तिनं सल्ला दिला नाही. म्हणाली, "आई, हे मी नाही सांगणार तुला."

तुला मी सांगितलं होतं, जे विचारतील त्याचं खरं उत्तर दे. तू दिलंस, आणि त्याची किंमत तू एकट्यानं मोजतो आहेस. आता माझी पाळी आली, तर मी विसरू? त्या न्यायाधीशांपुढे तू उभा होतास तेव्हा मला तुझा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता. उद्या खोटं बोलले तर तो अभिमान मला मिरवता यायचा नाही.

तेव्हा ऐक. आजींचा हात कुणी ओढला असं विचारलं तर सांगणार, माझ्या भावानं. चढा कुणी म्हटलं, तर माझ्या भावानं. आणि हुकूम कुणाचा होता, तर साहेबांचा, या कानांनी ऐकला. काही गाळणार नाही, तुझं नाही आणि त्यांचं नाही. यानं तुझं भलं होईल की वाटोळं, मला माहीत नाही. वकीलबाईंनाही माहीत नाही. रागाव. मी असते तर रागावले असते.

साक्ष संपली की मी सरळ तुझ्याकडे येणार आहे. दार उघडलं नाहीस तर जिन्यात बसेन, आणि मला बसायची सवय नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा बडबडही करेन. शेजारी म्हणतील, ही बया भावाविरुद्ध साक्ष देऊन आली आणि आता त्याच्याच दारात बसली आहे. म्हणू देत. दोन्ही खरंच आहे.

ताई